आडवी भेग

रविवारी पहाटे साडेपाचला एक गोळी,
वर पेलाभर पाणी,
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
नऊ वर्षं मी अशी खिडकीशी उभी राहिले.
समोर रुवीचे काळे बोडके डोंगर,
खाली कचऱ्याची गाडी,
आणि आत, म्हणे, हाडं भरत होती.

भरलीच. खोटं कशाला बोलू?
मशीनवरचा आकडा सुधारला तेव्हा
मजल्यावर खजूर वाटले होते मी.

रमजान संपता संपता मांडी ठणकू लागली.
हे म्हणाले, एसीचा वारा.
चार महिने बाम चोळला.

डॉक्टर हनाननी एक्स-रे उजेडात धरला.
मांडीच्या हाडाला बाहेरून बारीकशी चोच,
चोचीतून आत शिरलेली रेघ,
आडवी, पट्टीनं मारल्यासारखी.
"पडलात?" नाही.
"कशावर आपटलात?" नाही.
"मग नुसत्या उभ्या होतात?"
हो. उभीच होते. नऊ वर्षं.

हे तीस वर्षं इथल्या इमारतींचे मुकादम.
त्यांना माझ्याआधी कळलं.
"जुनं फोडणारी माणसं कामावरून काढली
की नवं बांधणारेही बसून राहतात.
भिंत जाडजूड दिसते.
केसाएवढ्या चिरा बुजवणार कोण?"
आणि गप्प झाले.
पाकिटावर वार लिहून गोळ्या तेच आणत.

पण आई साठीतच वाकून जमिनीला लागली होती.
मी ताठ आहे.
गोळीला शिव्या तरी कशा घालू?

हनान विचारत गेल्या.
सांध्यांसाठी स्टेरॉइड? हो, थोडं थोडं, सहा वर्षं.
ऊन? बाहेर ढीगभर, अंगावर नाही.
हाडाला हा बाक? तो आईचा.
तिथं त्यांचं पेन थांबलं.
"फार थोड्यांना होतं हे.
काही घरांत रक्तातलंच एखादं अक्षर
वेगळं लिहिलेलं असावं,
नक्की अजून कोणी सांगत नाही.
दुसऱ्या पायाचाही फोटो काढू.
आणि... बहीण आहे?"

आहे. कणकवलीला.
तिथूनच फोन लावला, व्हीलचेअरमधून.
"कुमू, गोळी तूही घेतेस ना, आठवड्याची?"
"सोमवारी. सात वर्षं झाली. का गं?"
"मांडी?"

तिकडे कुकरची शिट्टी झाली.
मग दुसरी.
"तुला कोणी सांगितलं?"

बस, म्हटलं.
गॅस बंद कर, आणि आधी खाली बस.