उलटी काजळी

येस्पर, विजेरी जरा खाली धर.
हे विमान हातभर लांब आहे, खरं याच्या बत्तीसपट.
चौदा महिने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलं होतं,
आम्ही दोघं कडेला ताटल्या टेकवून जेवायचो,
आपल्याच घरी पाहुणे.
'विग्गेन' म्हणजे आमच्याकडे वज्र,
आणि एका जातीचं बदकही.
रग्नहिल्डनं दुसरा अर्थ धरला.
"तुझं बदक उचल, बटाटे ठेवायचेत."

रंग चार. दोन हिरवे, एक मातकट, एक जवळजवळ काळा.
कडा सगळ्या सरळ, काच फुटल्यासारख्या,
वळण एकही नाही.
आधी मातकट मारायचा. वाळू द्यायचा.
चिकटपट्टी पात्यानं कापून झाकायचा,
मग पुढचा रंग, पुन्हा झाकायचं,
शेवटी विमान दिसेनासंच होतं.
त्यात नोव्हेंबरात आमच्याकडे उजेड तो केवढा?
दहा ते दीड.
दिव्याखाली हिरवा खोटं बोलतो.
म्हणून दिवसाला एक तुकडा,
खिडकीशी, डोळ्यांत तेल घालून.
पट्ट्या सोलल्या त्या दिवशी
रग्नहिल्डनं भांडं खाली ठेवलं.
काही बोलली नाही. चष्मा पुसला. माझा.

तू लिहिलंस: काजळी उलट दिशेला, तीन गुण वजा.
धूर मागे जातो, बरोबर आहे तुझं.
पण हे विमान मागे चालायचं, पोरा.
योकमोकच्या अलीकडे पाइनमधून जाणारा रस्ता,
तिथंच उतरायचं, थांबायचं,
आणि आपलं आपण मागे सरकत
झाडांखाली शिरायचं, कुणी न ढकलता.
तेव्हा धूर पुढे यायचा,
शेपटीवर, पाठीवर, आमच्या तोंडावर.
आम्ही सात. सहा त्यांतली सक्तीच्या भरतीची पोरं,
मिसरूड न फुटलेली.
इंधन, दारूगोळा, दहा मिनिटं, की पुन्हा वर.
अठरा वर्षं ही काजळी मी चिंध्यांनी पुसली.
ती कुठं साचते ते माझ्या नखांना विचार.

दुसरी नोंद: डाव्या पंखावर, तिसऱ्या झाकणापाशी
रंगाचा थेंब सांडलाय. दोन गुण.
सांडला नाही. ठेवलाय.
तीन केसांच्या कुंचल्यानं, भिंगातून, श्वास रोखून.
फेब्रुवारी होता, उणे एकतीस.
झाकणाची कळ हातमोज्यातून लागेना,
म्हणून मोजा काढला. एवढंच.
पत्र्यानं तळहात धरला तो सोडेना,
वर वैमानिक बोटं दाखवत होता: चार, तीन.
मी ओढला.
साल घेऊन ते उडालं,
चाळीस मिनिटं समुद्रावर फिरून आलं.
मी कधी बसलो नाही त्यात, जागा एकाचीच.
चामडं तेवढं जाऊन आलं.
बत्तीसनं भागलं की जवाच्या दाण्याएवढं भरतं.
तो रंग जुळवायला आठवडा गेला.

यातलं मी काही बोललो नाही.
आमच्या उत्तरेत 'हो' म्हणताना
श्वास नुसता आत ओढतात,
तेवढा ओढला.
येस्परनं पुढच्या टेबलाकडे विजेरी वळवली.

परतताना विमान केकच्या खोक्यात,
खोका रग्नहिल्डच्या मांडीवर.
तो रस्ता अजून आहे,
दोन किलोमीटर उगाचच रुंद,
ट्रकवाल्यांना वाटतं, पुढे काढायची सोय.
झाडांत शिरणारा फाटा मागे पडला,
चुकला की मी चुकू दिला, कोण जाणे.
थांबलो. आरशात फक्त झाडं.
गाडी उलट्या गिअरमध्ये टाकली.
रग्नहिल्डनं खोका दोन्ही हातांनी धरला.
"हळू," म्हणाली, "बदक आहे."