सोसो

बोबो-जुलासोत डासाला सोसो म्हणतात.
मला ते दर वेळी सोस, सोस असंच ऐकू येतं.
कोरोतूमू मिलोगो हसून विचारते,
तुमच्याकडे काय अर्थ होतो त्याचा?
सहन कर, मी सांगतो.
ती हसायची थांबते
आणि चिमटा उचलते.

बाहेर जानेवारी. सहाराची धूळ
मोटारसायकलींच्या सीटवर, आंब्याच्या पानांवर, दातांत.
अख्ख्या शहराचे ओठ फुटलेत.
आत, दोन दारांपलीकडे,
सत्तावीस अंश, भिंतींना घाम,
जाळीच्या पिंजऱ्यांत माद्या
साखरपाण्याच्या बोळ्यावर सोंड टेकून.

बर्फाच्या ताटलीवर त्या गपगार पडतात.
कोरोतूमू टंगस्टनची सुई घेते,
जंतूंच्या गढूळ थेंबात बुडवते
आणि पंखाच्या बुडाशी टोचते.
तीस वेळा.
हात असा चालतो की मणी ओवतेय म्हणावं.

आता त्या देहात काय चाललंय
ते दिसत नाही, म्हणून सांगतो.
रक्त आहे, लाल नाही.
शिरा नाहीत, ते पोटभर नुसतं खेळतं.
आपल्यासारखी
जुन्या शत्रूंची नावं लिहिलेली वही नाही.
आहे तो चरबीचा एक थर
पोटाच्या भिंतीला चिकटलेला,
आपण ज्याला आळसाची खूण म्हणतो.
तोच पहिल्यांदा दचकतो.
जंतूचं कातडं कुठेतरी लागलं
की काही तासांत तो रक्तात सोडू लागतो
इवली इवली प्रथिनं,
पाच-पन्नास दुव्यांच्या साखळ्या:
डिफेन्सिन, सेक्रोपिन, गॅम्बिसिन.
नावं औषधांच्या दुकानातली,
काम सुताराचं.
भोक पाडायचं.
जंतूच्या पातळ भिंतीला एक, शेजारी आणखी एक,
की आतलं बाहेर, बाहेरचं आत,
कारभार आटोपला.

तिचा मुलगा सिआका नऊ वर्षांचा.
दोन वर्षांचा असताना ताप मेंदूत गेला.
सात दिवस. वाचला.
डावा कान मात्र गेला,
तापानं की औषधानं, कुणी नक्की सांगत नाही.
झोपतो उजव्या कुशीवर,
म्हणजे चांगला कान उशीत,
आणि डाव्याशी कुणी रात्रभर गुणगुणलं
तरी त्याला पत्ता नाही.
मच्छरदाणी म्हणून तीच खोचते.
चारही बाजूंनी. मग परत एकदा.

सकाळी मोजणी.
तीसपैकी एकोणीस उडताहेत.
मला आनंद झाला, उगाच.
एवढासा जीव, सुई खाऊन, रात्र काढून...
शाबास, मी म्हणालो.
कोरोतूमूनं माझ्याकडे पाहिलं
चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.
"यांच्यातलीच एखादी,"
म्हणाली, आणि पुढचं गिळलं.
तक्त्यात पेन्सिलीनं एकोणीस लिहिले.
शाबासकीचा रकाना तिथं नव्हता.

पण पिंजऱ्याशी ती जरा रेंगाळली.
"हेच हत्यार
हिवतापाच्या परजीवीवरही चालतं म्हणतात.
कधी कधी. अर्धवट.
सात वर्षांपूर्वी
त्या एकीच्या पोटात
थोडं जास्त चाललं असतं ना..."
म्हणजे जी आपल्या लेकराला चावली
तिच्या तब्येतीसाठी
मागे जाऊन प्रार्थना करायची.
हे वाक्य माझं. ती असलं बोलत नाही.
तिनं हातमोजे उलटे करून काढले.

एकोणीस जणी पेल्यात घालून
तिनं फ्रीजरमध्ये ठेवल्या.
दार लागताना रबराचा चुंबल्यासारखा आवाज.
हेल्मेट अडकवत विचारलं,
ते सोस, परत सांगा, नुसतं सहन करणं?
मी म्हणालो, नाही, एक राहिलं सांगायचं.
सोस म्हणजे हावही.
काहीतरी हवंच असणं.
पुन्हा पुन्हा.

तिनं किक मारली.
काय बोलली ते इंजिनात गेलं.