वरीलप्रमाणे

अठ्ठावीस वर्षं मी मीटरचे आकडे लिहिले
आणि जयंती नाल्याकाठी गेलो
की तारांवरचे आकडे काढले.
शब्द एकच. पगारही एकच.

एकदा लगमव्वा नंदीवालेच्या खोपटात
नातवाला न्हाऊ घालायचं चाललेलं.
मी बांबूनं वायर ओढली.
आतनं अंधार बोलला,
"सायेब, पोराच्या डोळ्यात साबण हाय,
जरा दमा की."
मी दमलो नाही.
पंचनाम्यात साबणाला रकाना नव्हता.

आता ती आमच्या शेजारी राहते.
शेजारी म्हणजे भिंतीपलीकडं.
उचगावच्या रस्त्याला आमची कॉलनी, सतरा बंगले,
आणि पलीकडं चार मजल्यांच्या तीन इमारती,
लिफ्टच्या खड्ड्यात बेडकं.
महापालिकेनं त्यांना चांगलं फुलाचं नाव दिलंय.
आम्ही म्हणतो, ती बिल्डिंग.
पाहुण्यांना पत्ता सांगताना
"तिच्या अलीकडं" यातल्या अलीकडं वर
आमचा आवाज जरा चढतो.

भिंत सहा फुटी होती. वर्गणी काढून नऊ केली.
माझे पाचशे. पावती आहे.

परवा सहज तिकडं गेलो.
बोलावलं कुणी नव्हतं, हाताची खोड.
जिन्याखाली छत्तीस मीटर, ओळीनं, सील शाबूत,
प्रत्येकाखाली ऑइलपेंटनं नाव:
रावसू गाडीवडर. दस्तगीर शिकलगार.
बत्तीस युनिट. एकोणीस.
सत्तेचाळीस. इथं शिलाई मशीन असणार.
आमचं गेल्या महिन्यात दोनशे दहा.

लगमव्वा गुडघा धरून जिना उतरत होती.
ओळखलं तिनं.
"काय सायेब, काढायला आलाय काय?"
आणि स्वतःच हसली, दात नसलेलं.
मग पदराच्या गाठीतनं बिल सोडलं.
"रेशनकार्डात मी लक्ष्मीबाई, मतदानाला लगमाबाई.
ह्यात तरी नीट हाय काय बघा."
नीट होतं. दोन्ही व सकट.
मी मोठ्यानं वाचलं,
तिनं पुन्हा वाचायला लावलं.
"च्या टाकू?"
म्हटलं, आत्ताच झालाय.
झाला नव्हता.

घरी येऊन अर्जाची झेरॉक्स काढली.
सदर पुनर्वसनास आम्हा रहिवाशांची तीव्र हरकत...
चौथा रकाना, कारण.
सतरावी सही माझी, आणि कारणात
माझ्याच वळणदार अक्षरात: वरीलप्रमाणे.
माझ्यावर प्राध्यापक मगदूम: वरीलप्रमाणे.
त्यांच्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई: वरीलप्रमाणे.
बोट एकेक घर चढत गेलं,
जिना चढावा तसं, दम घेत,
पहिल्या सहीपर्यंत.

तिथं कारणाच्या रकान्यात
पेन चालतंय का बघायला मारलेली
एक रेघ.