वरची रेघ

ऐरोली, महापालिकेची शाळा, दुसरा मजला, पाचवी ब.
जूनपासून माझं अक्षर
फळ्यावरून वीतभर खाली उतरलंय.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही.
तारीख-वार लिहायला वरच्या कोपऱ्यात गेले
आणि खांद्यात काहीतरी अडलं,
दमटपणाने फुगलेल्या दारासारखं.
‘सोम’ लिहिला. ‘वार’ राहिला.
हात तसाच अधांतरी, खडू चिमटीत.
मुलांना वाटलं, बाई विसरल्या.

विसरेन कशी?
तेवीस वर्षं सांगत आलेय,
अक्षर आधी, वरची रेघ मागाहून,
आणि रेघ ओढायची ती मनगटातून नाही, खांद्यातून.
आता खांदा म्हणतो, ओढ मग.

फिजिओथेरपीची सबिहा माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची.
म्हणाली, भिंतीवर बोटांनी चढायचं, मुंगी चढते तसं,
जिथे थांबाल तिथे पेन्सिलीने खूण.
स्वयंपाकघरात, सिलिंडरच्या वर, माझ्या खुणा आहेत.
शेजारीच समीहनच्या उंचीच्या, दुसरीपासूनच्या.
तो चढतच गेला.
मी सोमवारी चढते, गुरुवारी उतरते;
बुधवारी बेचाळीस वह्या घरी आणलेल्या असतात.

दिवाळीच्या सुट्टीत केस कापले.
घरत बाई म्हणाल्या, अगं, दहा वर्षं कमी झाली!
मी हसले.
अंबाड्यापर्यंत हात पोचत नाही, हे काही बोलले नाही.
त्याही कधी बोलल्या नव्हत्या
शाळा सुटल्यावर सगळ्यांच्या शेवटी जिना का उतरतात,
कठड्याला धरून,
मोबाईल बघत असल्यासारख्या थांबत थांबत.
रजेच्या अर्जात कारणाला एकच ओळ असते.
मी ‘ताप’ लिहिते.
तापाला कुणी काही विचारत नाही.

हल्ली सुविचार हृतिक मढवी लिहितो.
शेवटच्या बाकावरचा, वर्गात सगळ्यात उंच,
शुद्धलेखनात कच्चा.
परवा मी सांगितलं, श्रम हीच पूजा.
त्याने लिहिलं:
शरम हीच पूजा.

पुसायला गेले.
हात कानापर्यंत गेला आणि परत आला.
त्याला हाक मारता आली असती.
नाही मारली.

मधल्या सुट्टीत घरत बाई दारात थांबल्या.
त्यांनी वाचलं. मला वाटलं, हसतील.
आत आल्या, पहिल्या बाकावर बसल्या,
गुडघा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या,
राहू दे गं आजच्या दिवस.

मग मी खांदा सांगितला.
त्यांनी गुडघा सांगितला, आणि कंबर,
आणि बाथरूममध्ये लावून घेतलेला स्टीलचा दांडा.
घंटा झाली तरी आम्ही बसलेल्याच.

वर फळ्यावर हृतिकचं वाक्य.
वरची रेघ त्याने ओढलीच नव्हती.
अक्षरं उघड्या डोक्यानं उभी,
एकमेकांपासून जराशी सुटी,
पण वाचता येत होती.