डब्याला चिकटलेलं

काओलाकच्या शाळेत मी वजनकाटा घेऊन पोचलो
तेव्हा दिबोरबाई कांदा परतत होत्या.
सोमवार. एकशे चाळीस मुलं. माफे.
कार्यालयाला रस्सा ग्रॅममध्ये हवा होता,
बाईंकडे मात्र टोमॅटोचा रिकामा डबा,
कुशीत पोचा, काठ झिजून गुळगुळीत.

"शेंगदाण्याचं लोणी अकरा डबे," म्हणाल्या,
"आणि वर बोट."
"बोट म्हणजे किती?"
त्यांनी बोट दाखवलं.

वर्षाकाठी पाच किलो लोणी कमी भरतंय,
मापात पाप कुठे आहे ते बघून ये,
असं सांगून मला पाठवलं होतं.
हे मी बोललो नाही. काटा फळीवर ठेवला,
त्यावर रिकामा डबा, आणि बटण दाबून शून्य केलं.

आधी पाणी भरून पाहिलं. चारशे.
मग पुसून, कोरडा करून, लोणी: चारशे छत्तीस.
काट्याचा आणि डब्याचा
पहिल्या भेटीतच छत्तीसचा आकडा.

दुसरा डबा चारशे अकरा.
लोणी गिरणीतून नुकतंच आलेलं, कोमट,
पोटात वारा धरून बसलेलं.
तिसरा बादलीच्या तळातून खरवडलेला,
तेल सगळं वर राहिलेलं. चारशे बावन्न.

"बाई, दर वेळी वेगळं येतंय."
"दर वेळी तेच तर घालते मी.
फुगलं असेल तर शीग लावायची,
दडपलेलं असेल तर काठाशी सपाट.
तुझं यंत्र माझ्या बोटाला विचारत नाही
म्हणून गोंधळतंय."
पळी न थांबवता म्हणाल्या.

बाहेर धुळीचा वारा सुटलेला.
मिठागरांकडून खारट वास येत होता, आणि भुकेली पोरं
खिडकीच्या गजांना लोंबकळून
माझे आकडे माझ्याआधी मोठ्यानं वाचत होती.

अकरावा डबा. पुन्हा चारशे छत्तीस.
बाईंनी तो पातेल्यावर उपडा केला,
बुडावर दोनदा थापटलं, पळीनं कड निपटली,
आणि मी तो परत काट्यावर ठेवला.
सत्तावीस.
सत्तावीस ग्रॅम डब्याला सोडायला तयार नव्हते.

सत्तावीस गुणिले शाळेचे दिवस एकशे ऐंशी:
चार किलो आठशे साठ.
मी हिशेब पुन्हा केला. पुन्हा तेवढाच आला.
चोर सापडला होता,
माझ्यासमोर पोचा पडलेल्या कुशीवर लवंडून पडला होता.

"आज कुणाची पाळी?" बाईंनी विचारलं,
आणि खिडकीतून एक हात आत आला.
बिराम. सहा वर्षांचा, पुढचे दोन दात गायब.
पायरीवर बसून त्यानं डब्यात बोट फिरवलं,
आधी काठाशी, मग तळाशी,
मग पोच्याच्या खोबणीत, जिथं पळी पोचत नाही तिथं,
डोळे मिटून, घाई न करता,
घड्याळजी चाकं पुसतात तसा.

डबा त्यानंच काट्यावर आणून ठेवला.
शून्य.
काटा थोडा वेळ लुकलुकला
आणि शून्यावरच राहिला.

वहीत लिहिलं: एक डबा, पातेल्यात पडतो तो, चारशे नऊ.
उरलेल्या सत्ताविसांसाठी रकाना नव्हता.
बाजूच्या समासात, बारीक अक्षरात, नाव टाकलं.

जेवून निघालो. दाढेत शेंगदाणा अडकलेला.
वही पाठवून दिली.

गुरुवारी कार्यालयाचा फोन आला.
बाकी सगळं समजलं, म्हणाले,
फक्त एक सांगा,
बिराम हे कोणतं एकक?