सर्वात कमी पाणी कधी

नारीनच्या काठी, धरणाच्या कचेरीत
चहा उकळेपर्यंत
माझ्या यंत्रात दोनशे पिढ्या जन्मतात आणि मरतात.

पिढ्या म्हणजे वेळापत्रकं,
कोणत्या दहा दिवसांत किती पाणी सोडायचं त्याची.
दोन बऱ्या योजनांचं लग्न लावायचं,
लेकरांतली लंगडी वेचून टाकायची,
अधूनमधून एखाद्या आकड्याला उगाच चिमटा काढायचा.
त्यातूनच कधी शहाणं पोर निपजतं.

जानेवारीत वर शहराला दिवे हवेत, चुलीही विजेच्या.
जुलैत खाली फरगण्यात कापसाला ओल हवी.
एकदा सोडलेलं पाणी दोनदा कसं सोडणार?
तिथला पाटकरी मिराब्बास फोनवर ओरडत नाही,
नुसता श्वास घेतो.
ते जास्त महाग पडतं.

म्हणून दंड लावलेत:
अंधाराच्या तासाला इतके गुण वजा,
करपल्या हेक्टरला इतके.
कशाला किती, हे काही यंत्राने ठरवलं नाही.
ते ठरलं एका बैठकीत, मटणाच्या ताटानंतर.
तिघांनी हात वर केले,
चौथा डुलकी घेत होता.

आणि दर एप्रिलला बुरुलकान येते.
हातात फडक्यात बांधलेले, तळलेले बोरसोक,
तोंडात एकच प्रश्न:
यंदा सर्वात कमी पाणी कधी?
तिचं गाव तळाशी आहे.
पातळी आठशे बावन्न मीटरच्या खाली उतरली
की आईच्या कबरीची माती उघडी पडते.
गुडघाभर चिखल, पण जाता येतं.

"आठशे सत्तावन्न," मी यंदा सांगितलं.
योजना जमली होती, इतकी कधीच जमली नव्हती.
दिवे, कापूस, दोन्हीकडचे दंड निम्म्यावर.
ती म्हणाली, "म्हणजे पाच मीटर."
मग जराशाने, "त्या दुष्काळात दोनदा भेटले होते."
जाताना पुडकं टेबलावरच राहिलं.
विसरली की ठेवून गेली, कळलं नाही.

रात्री मी एक ओळ वाढवली:
एप्रिलचा एक आठवडा, आठशे बावन्न.
मोडल्यास दंड किती, त्या जागी
कर्सर लुकलुकत राहिला.
शून्य लिहावं तर ओळ असून नसल्यासारखी.
बैठकीत काय सांगू?
एक लिहिला.

सकाळी उत्तर आलं:
आठशे छप्पन्न पूर्णांक नऊ.
अर्धी वीत
तिच्या बाजूने.

बोरसोक वातड झाले होते.
खाल्ले तरी.
मेलेल्यांच्या नावाचं
कुणीतरी खावं लागतं.