उजवीकडे दोन इंच

वेर्णेकरशेठचा शर्ट बेतताना
उजवीकडे दोन इंच सैल धरतो.
"परवाना आहे हो," ते म्हणतात.
मी विचारलेलं नसतं.
टेप फिरवताना बोटांना गार लागतं,
आकडा लिहून घेतो.

त्यांचा मुलगा ह्यूस्टनला.
तिकडे म्हणे आता कागदच लागत नाही,
कमरेला लावायचं, वर शर्ट सोडायचा.
मापं कोण घेतं, विचारायचं राहिलं.

निवडणूक लागली, हत्यार चौकीत जमा.
काल पावती वरच्या खिशात घालून आले,
पायरीवर उभे, चिराबाजाराकडे पाठ न करता.

"शिवण आत घेऊ?"

"नको. महिन्याचा तर प्रश्न."

कोपर मात्र तसंच,
रिकाम्या कापडावर
दाबून धरलेलं.